सोमवारचं पत्रक

जूनमध्ये इन्व्हरकारगिलला सात वाजता उजाडत नाही.
कंटेनरच्या दारावरच्या दिव्याखाली आम्ही अकरा जण,
हेल्मेटांवर दहिवर, हातात कागदी पेले,
आणि मी पत्रक वाचते.
वाचायचं, सह्या घ्यायच्या, फायलीत लावायचं.
नऊ वर्षं हेच करतेय, आवाज न बदलता.

वाऱ्याचा वेग अमुक झाला की क्रेन बंद.
दगड कापताना पाणी चालू ठेवा, मास्कखाली दाढी नको.
(टेविता दाढीवरून हात फिरवतो. दर सोमवारी फिरवतो.)
मग तिसरा मुद्दा:
एक कामगार, वय चाळीस,
मजल्यातल्या उघड्या भोकातून
दोन मीटर सत्तर सेंटिमीटर खाली पडला.
गंभीर दुखापत. चौकशी सुरू आहे.

एक कामगार.
पत्रकात नाव घालत नाहीत, तसा नियमच आहे
आणि नियम बरोबर आहे.
पण त्या दिवशी "हलवू नका, कुणी हलवू नका त्याला"
असं ओरडून माझाच घसा बसला होता,
आणि हे अकराही जण हात मागे बांधून
त्याच्याभोवती उभे होते,
शाळेत शिक्षा झाल्यासारखे.

फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात त्याचा डबा आहे.
झाकणावर जाड काळ्या पेनानं: इसिलेली.
तीन आठवडे झाले.
सगळे आपापली दुधं त्याच्या कडेनं ठेवतात.

"पण झाकलं होतं ना ते भोक?"
कॅलम विचारतो. सतरा वर्षांचा, नवे बूट.
पत्रकात याचं उत्तर नाही. मी कागद खाली करते.

झाकलं होतं. प्लायवूडचा तुकडा होता, नुसता ठेवलेला.
इसिलेलीला वाटलं, कुणीतरी विसरलं.
त्याला पसारा खपत नाही. पडलेला खिळासुद्धा
खिशात घालून घरी नेणारा माणूस.
त्यानं फळी दोन्ही हातांनी उचलली,
छातीशी धरली,
आणि आवरायला म्हणून एक पाऊल पुढे टाकलं.

फळीच समोर असल्यावर
पुढचं काय दिसणार?

कुणी काही बोलत नाही.
रस्त्यावरून दुधाचा टँकर जातो, काच थरथरते.

रविवारी त्याचा फोन आला होता, डनीडिनच्या इस्पितळातून.
कंबरेत स्क्रू आहेत, म्हणाला, तुमच्या मचाणापेक्षा घट्ट.
मी त्याला पत्रक वाचून दाखवलं. दाखवायला नको होतं बहुतेक.
तो ऐकत राहिला, मग म्हणाला,
"चाळीस? ऑगस्टपर्यंत एकोणचाळीसच आहे मी, मेरेआना.
दुरुस्त करायला सांग.
आणि डबा फेकू नका. बायकोचा आहे."

मी हे सगळं सांगत नाही. फक्त वयाचं सांगते.
कुणीतरी हसतं, मग बरेच जण,
टेविता जरा जास्तच, आणि तोंड फिरवतो.

नवा नियम: झाकण चारी बाजूंनी ठोकायचं,
वर लिहायचं, खाली भोक आहे.
कॅलमला मी रंगाचा डबा देते.
गुडघ्यावर बसून तो पहिल्या फळीवर लिहितो,
अक्षरं मोठी मोठी काढत, इतकी मोठी
की शेवटच्या शब्दाला जागाच उरत नाही.
तो तसाच बसून राहतो.
मग फळीची कड ओलांडून
काँक्रीटवर लिहून टाकतो.

पुसायला सांगणार होते.
सह्या घ्यायच्या राहिल्या होत्या, त्या घेतल्या.
साडेआठ वाजत आले होते,
पूर्वेला कळायला लागलं होतं
कुठे मजला आहे आणि कुठे नाही.